शाळेतलं एईडी: मशीन आणण्याआधीपासून मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत

आमच्या पहिल्या सरावाला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागली. मैदानाच्या टोकाला, खो-खोच्या खांबाजवळ, सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं, शिकवायचा पुतळा आडवा ठेवला होता आणि मी स्टॉपवॉच घेऊन उभी होते. शिट्टी वाजताच नववीतली एक चपळ मुलगी ऑफिसकडे पळाली. ऑफिस उघडं होतं, हृदय अचानक थांबल्यास विजेचा शॉक देणारं एईडी मशीन समोर दिसत होतं, पण काचेच्या कपाटाला कुलूप. किल्ली क्लार्कसरांच्या खिशात आणि सर बँकेत. शेवटी दुसरी किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात सापडली.

हृदय अचानक बंद पडलं आणि छाती दाबणं किंवा शॉक यातलं काहीच मिळालं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. सहा मिनिटं चाळीस सेकंदांनंतर काय उरलं असतं, याचा हिशेब मी मैदानात उभ्या उभ्या केला आणि पोटात गोळा आला. मशीन नवं होतं, बॅटरी भरलेली होती, छातीला चिकटवायचे पॅड मुदतीतले होते. नव्हती ती व्यवस्था. ती कशी बसवायची आणि वर्षानुवर्षं कशी टिकवायची, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी शारीरिक शिक्षण शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधोपचाराचे निर्णय तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. बाकीची धावपळ मात्र आपल्यालाच करायची असते.

सुरुवातीलाच विचारले जाणारे दोन प्रश्न

एईडी म्हणजे ऑटोमेटेड एक्स्टर्नल डिफिब्रिलेटर. मशीन आणायचा विषय काढला की पालकसभेत पहिला प्रश्न येतो, "चुकून शॉक बसला तर?" बसत नाही. छातीवर दोन चिकट पॅड लावले की मशीन हृदयाची विद्युत लय स्वतः तपासतं. हृदयाचे खालचे कप्पे रक्त ढकलायचं सोडून नुसते थरथरत असतील, किंवा इतक्या भयंकर वेगाने धावत असतील की रक्त पुढे जातच नाही, अशाच लयींसाठी ते शॉकची तयारी करतं. साध्या चक्करेत पॅड लावले गेले तर ते "शॉकची गरज नाही" असं सांगतं, आणि मग बटण दाबूनही काही होत नाही. उलट, शॉक नाकारला म्हणजे मूल ठीक आहे असंही समजू नका. काही वेळा हृदय इतकं शांत झालेलं असतं की शॉकचा उपयोगच नसतो. तेव्हा छाती दाबत राहणं हाच उपाय.

दुसरा प्रश्न, "लहान मुलांना कुठे हार्ट अटॅक येतो?" हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते. आपण बोलतोय ते हृदयाची वीज बिघडून ते अचानक थांबण्याबद्दल, आणि ते तेराव्या वर्षीही होऊ शकतं. हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषाने जाड होणं, लाँग क्यूटीसारखा विद्युत दोष, हृदयाला रक्त पुरवणारी कोरोनरी धमनी भलत्याच ठिकाणाहून निघणं, विषाणूच्या तापानंतर हृदयाला सूज येणं, ही त्याची कारणं. बरेचदा मूल त्या दिवसापर्यंत धडधाकट असतं, संघात पहिल्या नंबरने पळणारं असतं.

आणि एक कारण आपल्या मैदानांशी फार जवळचं आहे. सीझन बॉल छातीच्या मध्यावर, हृदयाच्या ठोक्यातल्या एका अगदी नेमक्या क्षणी आदळला, तर निरोगी हृदयसुद्धा थरथरायला लागतं. बरगडी मोडलेली नसते, जखम नसते. मुलगा दोन पावलं चालतो आणि खाली पडतो. वैद्यकात याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. किशोरवयात छातीचा पिंजरा लवचीक असतो, म्हणून हा धोका त्या वयात जास्त. छातीला कवच बांधलं तरी तो पूर्ण टळत नाही. अमेरिकेत २००० साली १४ वर्षांचा एक मुलगा लॅक्रॉसचा (जाळीच्या काठीने खेळतात तो खेळ) चेंडू छातीवर बसून असाच गेला. त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सरकारी शाळांना एईडी ठेवणं बंधनकारक झालं. त्याआधी १९९९ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये बास्केटबॉल खेळताना १७ वर्षांचा मुलगा दगावला. त्याच्या नावाने सुरू झालेला प्रोजेक्ट अ‍ॅडम आजही शाळांना ही सगळी व्यवस्था उभी करायला शिकवतो. इंग्लंडमध्ये सरकारने २०२३ पर्यंत सरकारी अनुदानावरच्या शाळांना मशीनं पुरवली. आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत वाट पाहण्याचं कारण नाही.

शाळेच्या आवारात मोठी माणसंही असतात, हेही लक्षात घ्या. निवृत्तीला आलेले शिक्षक, स्नेहसंमेलनाला आलेले आजी-आजोबा, शाळेत मतदान केंद्र असलं की रांगेत उभे असलेले मतदार. मशीन त्यांच्यासाठीही आहे.

खरेदीआधी: एक माणूस, एक ठराव

मशीनचं कोटेशन मागवण्याआधी ते कोण सांभाळणार याचं नाव ठरवा. "सगळ्यांनी मिळून लक्ष ठेवू" असं ठरलं की कोणीच लक्ष ठेवत नाही. एक समन्वयक आणि त्याच्या रजेच्या दिवसांसाठी एक पर्यायी माणूस. शाळा व्यवस्थापन समितीत तसा ठराव करून घ्या, कारण मुख्याध्यापक बदलले की तोंडी ठरलेलं विरून जातं. पालकांमध्ये डॉक्टर असतातच, त्यांच्यातल्या एकाला मार्गदर्शक म्हणून सोबत घ्या.

आपल्याकडे एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक भरते. दोन मुख्याध्यापक, दोन स्टाफ, कधी कधी दोन संस्थाही. मशीन दुपारच्या शाळेने घेतलं आणि सकाळच्या बाईंना ते कुठे आहे हेच ठाऊक नाही, असं होता कामा नये. दोन्ही सत्रांत एकेक समन्वयक हवा.

मशीन निवडताना

किंमत ब्रँड आणि सोयींप्रमाणे साधारण लाखाच्या आसपास फिरते. पण नुसत्या मशीनच्या किमतीवर निर्णय घेऊ नका. पॅड काही वर्षांनी बाद होतात, कारण त्यावरची जेल वाळते. बॅटरीही काही वर्षांनी बदलावी लागते. कोटेशनमध्ये पॅडची आणि बॅटरीची किंमत, त्यांची मुदत, आणि मागवल्यावर किती दिवसांत मिळतील, हे लेखी मागा. आठ वर्षांचा एकूण खर्च काढला की स्वस्त वाटलेलं मशीन महाग निघतं, असं मी पाहिलं आहे.

विचारायच्या बाकीच्या गोष्टी: सीडीएससीओचा, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचा, परवाना आहे का? धूळ आणि पाण्यापासून किती संरक्षण? मैदानासाठी आयपी ५५ दर्जा चांगला. मशीन रोज स्वतःची तपासणी करून दिव्याने किंवा खुणेने कळवतं का? ८ वर्षांखालच्या किंवा २५ किलोच्या आतल्या मुलांसाठी शॉक कमी करायची सोय कशी आहे? काही मशीनमध्ये किल्ली किंवा बटण असतं, काहींना लहान मुलांचे वेगळे पॅड लागतात. मला बटणवालं बरं वाटतं, घाईत पाकीट शोधावं लागत नाही. आणि आवाज कोणत्या भाषेत? मराठी मिळालं तर उत्तम, हिंदी मिळालं तरी चालेल. फक्त इंग्रजी असेल तर ती आठ-दहा वाक्यं मराठीत लिहून, लॅमिनेट करून, झाकणाच्या आत चिकटवा. आमच्या शिपाईमामांनी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा म्हणाले, "एवढंच होय? मग मीपण करीन." तो कागद आम्हाला वीस रुपयांत पडला.

पैसा माजी विद्यार्थी, पालक-शिक्षक संघ, रोटरी किंवा लायन्स क्लब, जवळच्या कारखान्याचा सीएसआर निधी, यांतून उभा राहतो. देणगी घेताना एक अट जरूर घाला: मशीनसोबत पॅडचा जादा संच, आणि पुढच्या बॅटरीची तजवीज. फोटो निघून गेल्यावर पॅडसाठी कोणाकडे जाणार?

मशीनबरोबर एक छोटी पिशवी लागते. त्यात कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, छाती पुसायला कोरडा पंचा, हातमोजे, श्वास द्यायचा मास्क, एक रेझर. पिशवी मशीनलाच बांधून ठेवा.

जागा: पावलांनी मोजा

नकाशावर नाही, पायांनी मोजा. शाळेतल्या सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यातून, म्हणजे मैदानाचं टोक, तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा, पोषण आहाराची शेड, जलतरण तलाव असल्यास तो, अशा प्रत्येक ठिकाणाहून मशीनपर्यंत भरभर चालत जा आणि वेळ घ्या. एका बाजूने दीड मिनिटाच्या आत पोहोचता आलं पाहिजे, म्हणजे जाऊन-येऊन तीन मिनिटं. जमत नसेल तर जागा बदला. तरीही जमत नसेल तर दुसरं मशीन घ्यायला हवं, असं ठरावात लिहून ठेवा.

कुलूप नको. चोरीची भीती वाटते, मान्य आहे. उघडल्यावर भोंगा वाजणारी पेटी मिळते, ती लावा, आणि लोकांची सतत ये-जा असलेल्या जागी लावा. आमचं मशीन आता ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात, घंटेच्या शेजारी आहे. मुलांना रस्ता सांगावा लागत नाही. "घंटेजवळ" म्हटलं की पहिलीतलं पोरही तिकडे बोट दाखवतं.

आणखी दोन शत्रू आहेत, ऊन आणि ओल. बहुतेक मशीनं साधारण ५० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनलेली असतात. विदर्भात किंवा खानदेशात मे महिन्यात पत्र्याखालची बंद खोली त्याच्या जवळ जायला वेळ लागत नाही. कोकणात पावसाळ्यात झिरपणारी भिंत टाळा.

कोणाला शिकवायचं

फक्त शिक्षकांना नाही. दहा-बारा जणांचं पथक करा आणि त्यात शिपाईमामा, मावशी, गेटवरचे वॉचमन, खिचडी शिजवणाऱ्या ताई, क्लार्क यांना घ्या. शिक्षक तासावर असतात, ही माणसं मोकळ्या आवारात असतात. पथकात निम्म्या तरी बायका हव्यात, कारण खाली येईलच.

मान्यताप्राप्त प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र सहसा दोन वर्षं चालतं, पण हात त्याआधीच विसरतात. काही महिन्यांतच दाब उथळ पडू लागतो. म्हणून दर तिमाहीला पुतळ्यावर प्रत्येकाने दोन मिनिटं दाबायचं, असा आमचा नेम आहे. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने सामान्य लोकांसाठी २०१७ मध्ये फक्त छाती दाबण्यावर आधारलेली सोपी पद्धत आणली. ती मोठ्या माणसांसाठी आहे आणि जत्रेपासून ऑफिसपर्यंत कुणालाही शिकवता येते. मुलांच्या बाबतीत मात्र श्वास देणंही महत्त्वाचं, विशेषतः बुडालेल्या किंवा घशात काही अडकून गुदमरलेल्या मुलात. म्हणून शाळेच्या पथकाने दोन्ही शिकावं.

दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०. एनसीसी केलेल्यांना हा वेग शिकवावा लागत नाही, संचलनातली तेज चाल साधारण तीच. मी पथकाला जागच्या जागी "एक-दोन, एक-दोन" करायला लावते आणि तोच ठेका हातात उतरवायला सांगते.

"चक्कर आली": इथेच सगळं हरतं

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. आपल्याकडे मूल पडलं की पहिला शब्द येतो "चक्कर". दुसरी व्यक्ती पाणी मारते. अंगाला झटके येत असतील तर कुणी "फिट आली" म्हणून कांदा फोडतं, कुणी चप्पल हुंगायला लावतं, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा देतं. सगळं मायेपोटी, आणि त्यात दोन मिनिटं निघून जातात.

हृदय थांबल्यावर मेंदूला रक्त मिळत नाही, म्हणून सुरुवातीला हातपाय झटके देऊ शकतात. ती फिट वाटते. तोंड उघडून, अधूनमधून, मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तशी धाप लागू शकते. तो श्वास वाटतो. तो श्वास नाही. आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एवढंच लिहिलं आहे: "हाकेला ओ नाही, श्वास नीट नाही, तर हृदय थांबलं असं धरा." खांदे थोपटून मोठ्याने नावाने हाक मारा, छाती वर-खाली होते का ते पाहा, आणि या सगळ्याला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. खेळताना किंवा छातीवर चेंडू बसल्यावर पडलेलं मूल असेल तर संशय आणखी लवकर घ्या. चुकून शुद्धीवर असलेल्याची छाती दाबली गेली तर तो हलेल, ओरडेल. त्याने मोठं नुकसान होत नाही. न दाबल्याने होतं.

पहिली तीन मिनिटं

जो सर्वांत जवळ आहे तो तिथून हलत नाही. तो बोट दाखवून, नाव घेऊन कामं वाटतो: "राणे सर, १०८ ला फोन, स्पीकरवर. मामा, घंटेजवळचं मशीन. ताई, गेट." नुसतं "कुणीतरी फोन करा" म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. १०८ नाही लागला तर ११२.

दाबायला लगेच सुरुवात. मूल कठीण जागेवर उताणं, छातीच्या मध्यावर हाताची टाच, मोठ्या मुलांत व मोठ्या माणसांत दोन्ही हात, लहान मुलात एक हात पुरतो. खोली लहान मुलात छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, साधारण ५ सेंटिमीटर. मोठ्या माणसांत ५ ते ६. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. शिकलेल्यांनी ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत, न शिकलेल्यांनी थांबू नये, दाबत राहावं. दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

मशीन आलं की आधी चालू करा, मग बाकीचं. पुढचं ते बोलतं. घाम किंवा पाणी पंच्याने पुसा, डबक्यातून बाहेर ओढा. एक पॅड छातीवर उजवीकडे, गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली (कॉलरबोन), दुसरा डाव्या काखेखाली बरगडीवर. गळ्यात ताईत किंवा साखळी असेल तर बाजूला सारा, पॅड त्यावर नको. मूल इतकं लहान असेल की दोन्ही पॅड एकमेकांना टेकतील, तर एक छातीच्या मध्यावर आणि एक पाठीवर, दोन खवाट्यांच्या मधे. लहान मुलांची सोय हाताशी नसेल तर मोठ्यांचेच पॅड वापरा, काहीच न करण्यापेक्षा ते बरं. "सगळे बाजूला" असं ओरडा, कुणाचा हात लागलेला नाही हे डोळ्यांनी पाहा, बटण दाबा. शॉक बसताच, नाडी शोधत न बसता, पुन्हा दाबायला लागा. दोन मिनिटांनी मशीन पुन्हा तपासेल. मूल हलू लागलं, श्वास नीट आला, तरी पॅड काढायचे नाहीत आणि मशीन बंद करायचं नाही. रुग्णवाहिकेतले डॉक्टर येईपर्यंत तसंच.

आता अवघड गोष्ट. पॅड उघड्या त्वचेवर लावावे लागतात. पडलेली मुलगी दहावीतली असेल आणि जवळ फक्त पुरुष शिक्षक असतील, तर हात अडतात, मी सरावातसुद्धा अडताना पाहिले आहेत. हे आधीच, मोकळेपणाने, पालकांसमोर बोलून ठेवायला हवं. आम्ही पालकसभेत सांगितलं: गरज पडली तर गणवेश कापला जाईल, ज्याचा हात आधी पोहोचेल तो कापेल, आणि मुली पाठ करून कडं करतील. एका आईने उठून म्हटलं, "माझी पोरगी जगू दे, मग बाकीचं." त्यानंतर कुणी प्रश्न विचारला नाही.

कड्याची कल्पना मुलांना समजावायला मी १२ जून २०२१ चा कोपनहेगनचा सामना सांगते. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानावर कोसळला, तेव्हा त्याचे सहकारी त्याच्याभोवती, तोंडं बाहेर करून, भिंतीसारखे उभे राहिले. आत डॉक्टर काम करत होते आणि शॉक दिला गेला. तो वाचला, पुढे पुन्हा खेळलाही. आपल्या आठवी-नववीच्या मुलांना ते कडं करायला दहा सेकंद लागतात. मोबाईलवर शूटिंगही त्यामुळे आपोआप थांबतं.

गेटवर गेलेल्या माणसाचं काम लहान नाही. शाळा सुटायच्या वेळी रिक्षा, व्हॅन, पालकांच्या दुचाकी यांनी रस्ता बुजलेला असतो. रुग्णवाहिका आत येईल एवढी वाट त्याने मोकळी करायची आणि तिला पळत पळत जागेपर्यंत आणायचं.

कायद्याची भीती अनेकांना थांबवते. जीव वाचवण्यासाठी, परवानगी घ्यायला वेळ नसताना, सद्हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चा आधार आहे. हे एका वाक्यात पथकाला सांगा आणि पुढे जा.

सराव

वर्षातून किमान दोन, एक सांगून, एक न सांगता. न सांगता केलेल्या सरावातच खरं कळतं. स्टॉपवॉचवर तीन वेळा लिहा: पहिला दाब कधी पडला, मशीन कधी पोहोचलं, पॅड कधी लागले. आमचे आकडे पहिल्या वर्षी लाजिरवाणे होते. कुलूप काढलं आणि जागा घंटेजवळ आणली, एवढ्यानेच सहा चाळीसचे तीन दहा झाले. दोन पन्नासपर्यंत यायला मात्र दीड वर्ष गेलं, कारण ते माणसांवर अवलंबून होतं. सरावाची जागा दर वेळी बदला. एकदा स्वच्छतागृहात करून पाहा, दार आतून बंद असलं तर काय, याचं उत्तर तिथेच सापडतं.

रोजचा हिरवा दिवा

परिपाठाआधी घंटा देणारे मामा मशीनच्या खिडकीत बघतात आणि वहीत सही करतात. तीन सेकंदांचं काम. दिवा हिरवा नसेल किंवा मशीन टिटी करत असेल, तर तडक समन्वयकाला सांगायचं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी स्वतः बघते: पॅडच्या पाकिटावरची तारीख, पाकीट फाटलं आहे का, पिशवीतल्या वस्तू, पेटीचा भोंगा. पॅडची आणि बॅटरीची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहिलेली आहे आणि तीन महिने आधी मागणी जाते. बॅटरी वाचवायची म्हणून कुणी सुट्टीत ती काढून ठेवतं. तसं करू नका, मशीनची स्वतःची रोजची तपासणी त्याने थांबते.

एका दसऱ्यानंतरची गोष्ट. खंडेनवमीला शाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली, तशी एईडीचीही झाली. कुणीतरी श्रद्धेने झेंडूचा हार घातला आणि हळदकुंकवाची बोटं ओढली, ती नेमकी दिव्याच्या खिडकीवर. सुट्टीनंतर दोन दिवस वहीत "हिरवा" अशी सही होती, पण खिडकीतून काही दिसतच नव्हतं. मी ओल्या कापडाने पुसलं, दिवा हिरवाच निघाला. मामांना काही बोलले नाही, फक्त दोघांनी मिळून ठरवलं, हार पेटीला घालायचा, खिडकी मोकळी ठेवायची. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच खिडकीवर कागद लावून पूजा केली आणि नंतर तो काढून मला दाखवला.

वेगळे दिवस

क्रीडा महोत्सव, सहल, बाहेरगावचा सामना: मशीन सोबत न्यायचं की शाळेत ठेवायचं, हे आदल्या दिवशी ठरवा आणि पेटीवर चिठ्ठी लावा. मी नेहमी जास्त धावणारी मुलं जिथे, तिथे मशीन पाठवते. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत केंद्र असलं तर बाहेरून आलेल्या पर्यवेक्षकांना काहीच माहीत नसतं, आणि अर्ध्या खोल्या सीलबंद. केंद्रसंचालकांच्या पहिल्या बैठकीतच जागा दाखवा. निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी मतदान अधिकाऱ्यांनाही.

वापर झाल्यानंतर

मशीनमध्ये सगळी नोंद साठलेली असते. ती हृदयरोगतज्ज्ञांच्या उपयोगी पडते, म्हणून कंपनीकडून उतरवून घेतल्याशिवाय काही पुसू नका. नवे पॅड त्याच दिवशी लावा. कोणी काय केलं, किती वाजता, हे त्याच दुपारी लिहून काढा, दुसऱ्या दिवशी आठवणी बदलतात. ज्या मुलांनी पाहिलं त्यांच्याशी वर्गशिक्षकांनी बसून बोलावं, आणि ज्याने छाती दाबली त्याच्याशीही. मूल वाचलं नाही तर त्या माणसाला "तू सगळं केलंस" हे कुणीतरी तोंडाने सांगणं फार गरजेचं असतं.

आणि मशीनपर्यंत गोष्ट येऊच नये म्हणून: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलांची तपासणी करायला येतं आणि जन्मजात हृदयदोषही बघतं. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी करा आणि त्यांना पुन्हा दाखवा. पळताना किंवा खेळताना शुद्ध हरपणारं मूल, श्रमाने छातीत दुखणारं मूल, घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल असं मूल, यांना डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत मी मैदानावर उतरवत नाही. पालक रागावतात. रागावू देते.

मे महिन्याची सुट्टी

शाळा बंद होण्याच्या आदल्या दिवशी वहीचं शेवटचं पान भरते. सुट्टीत मैदानावर उन्हाळी शिबिर कोण घेतंय, त्यांना मशीन कुठे आहे ते दाखवलं का, व्हरांड्याचं ग्रिल कोण उघडणार, पेटीवर दुपारचं ऊन येतं का, सुट्टीत आठवड्यातून एकदा दिवा कोण बघणार. त्याच पानावर पर्यायी समन्वयकाचं नाव आणि सही. माझी बदली झाली किंवा मी निवृत्त झाले तर नव्या माणसाला वही उघडून पहिलं काय करायचं ते कळावं, म्हणून पान सुरू होतं ते याच ओळीने: "आधी घंटेजवळ जा, दिवा बघा, मग पुढे वाचा."